सुईऐवजी पट्टी: लस देण्याची पद्धत ठरवताना गावाला विचारलं तेव्हा

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यातल्या एका तालुक्यातलं आहे. गावं, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. गावबैठका चालवायचं आणि त्यांची टिपणं ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे इथे लिहिलेलं बहुतेक अंगणवाडीच्या सतरंजीवरून दिसलेलं आहे. प्रयोगशाळेतलं मला ऐकूनच माहीत.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातला गट गोवर-रुबेलाच्या लसीसाठी सूक्ष्मसुयांची पट्टी बनवण्याच्या खटपटीत होता. नाण्याएवढ्या पट्टीवर मिलिमीटरपेक्षा बुटक्या सुया असतात आणि लस त्या सुयांमध्येच वाळवून भरलेली असते. पट्टी कातडीवर दाबायची, काही मिनिटं ठेवायची, सुया विरघळतात, पट्टी काढून टाकायची. सिरिंज लागत नाही, लस पाण्यात कालवावी लागत नाही, वापरलेली सुई तोडायला हब कटर लागत नाही.

यात आता हवेतलं काही राहिलेलं नाही. आफ्रिकेतल्या गांबिया देशात अशा पट्टीची चाचणी आधी मोठ्या माणसांवर, मग दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांवर आणि शेवटी नऊ-दहा महिन्यांच्या बाळांवर झाली. निष्कर्ष २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अंगात आधी प्रतिपिंडं नसलेल्या बाळांपैकी पट्टीने ९३ टक्के आणि सुईने ९० टक्के बाळांत गोवराविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. रुबेलाच्या बाबतीत दोन्हीकडे सगळ्याच बाळांत झाली. ९० टक्क्यांहून जास्त पालकांनी सुईपेक्षा पट्टी बरी असं सांगितलं. आमच्या गटाच्या प्रत्येक सादरीकरणाची सुरुवात या शेवटच्या आकड्याने व्हायची.

सोबतीला एका वैद्यकीय महाविद्यालयाचा पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) विभाग होता. गावं त्यांच्या ओळखीची, उपकेंद्रं त्यांच्या जाण्यायेण्यातली.

अडचण

निधी देणाऱ्या संस्थेच्या अर्जात 'लोकसहभाग' असा एक रकाना होता. गटाने त्यात तीन गावांत प्रश्नावली आणि शेवटी एक मेळावा असं लिहून दिलं. मुख्य प्रश्न होता, 'बाळाला सुईऐवजी न दुखणारी पट्टी लावली तर चालेल का?' आशाताईंनी घरोघर फिरून फॉर्म भरून आणले. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर 'हो'.

गट खूश. पीएसएमच्या प्राध्यापिकांनी फॉर्मचा गठ्ठा उपकेंद्राच्या सिस्टरांपुढे ठेवला, तर त्या हसल्याच. "मॅडम, न दुखणारी म्हणून विचारल्यावर कोण नको म्हणेल? फुकट आहे, दुखत नाही, वर मोठे डॉक्टर विचारतायत. हो म्हणून मोकळी झाली माणसं."

खरी गोची याहून खोल होती. लस आधी निवडली गेली, मग साधन, आणि लोकांना विचारायची वेळ सगळ्यात शेवटी आली. गोवर-रुबेला निवडण्याचं कारण तांत्रिक होतं आणि ते रास्तही होतं. या लसीचा डोस बारका असतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचं सहाय्यक (लसीचा परिणाम वाढवणारं) द्रव्य नसतं. पेंटासारखी (पाच रोगांवरची एकत्र) लस एवढ्याशा सुयांत मावणं फार अवघड. पण बाळाला आणि आईला सगळ्यात जास्त त्रास कुठल्या डोसाला होतो, हे कुणी विचारलंच नव्हतं. सरकारी वेळापत्रकात दीड महिन्याला तीन सुया आहेत, साडेतीन महिन्याला तीन, आणि जानेवारी २०२३ पासून पोलिओच्या सुईचा तिसरा डोस आल्यामुळे नवव्या महिन्यालाही तीन. गोवर-रुबेलाची पट्टी यशस्वी झाली तरी नवव्या महिन्याच्या तिनांतली एकच सुई टळणार होती.

पहिला निर्णय: फॉर्म बाजूला ठेवायचे का?

गटापुढे दोन वाटा होत्या. आलेले फॉर्म जोडून रकाना भरायचा आणि पुढे जायचं, किंवा पट्टी पिशवीतच ठेवून आधी लसीकरणाच्या सत्रांना जाऊन बसायचं. दुसऱ्या वाटेला गटप्रमुखांचा विरोध होता. त्यात वेळ जाणार, आणि निधीचा हप्ता नमुना तयार होण्याला बांधलेला. शेवटी प्राध्यापिकांनी तोड काढली: नमुन्याचं काम चालू राहू दे, पण पट्टी लावायचा ठोकळा कसा असावा हे सत्रं बघून झाल्याशिवाय पक्कं करायचं नाही. पुढे जे काही बदललं ते या तोडीमुळे. तो साचा एकदा ओतून झाला असता तर नंतरच्या सगळ्या बैठका शोभेच्या ठरल्या असत्या.

सत्रात काय दिसलं

अंगणवाडीची खोली. टेबलावर व्हॅक्सिन कॅरिअर, आशाताईंच्या हातात ड्यू लिस्ट (कुणाचा कुठला डोस बाकी आहे याची यादी), दाराबाहेर चपलांचा ढीग. दीड महिन्याचं एक बाळ आत येतं. पोलिओचे थेंब आणि रोटाचा डोस होतो. मग उजव्या दंडावर एफआयपीव्ही (पोलिओची सुई), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियाविरुद्धची लस), डाव्या मांडीत पेंटा.

यातली दंडावरची सुई बघण्यासारखी आहे. ०.१ मिलिलिटर लस, तीही कातडीच्या थरातच द्यायची. सुई जवळजवळ आडवी धरावी लागते. नीट गेली तर मसुरीएवढा फुगवटा उठतो. बाळाने दंड हिसकला तर सुई खोल जाते नाहीतर लस बाहेर ओघळते. म्हणून सिस्टरना दंड अगदी स्थिर हवा असतो. बाळ टेबलावर उताणं, आशाताईंनी दंड धरलेला, आईने दोन्ही पाय दाबलेले आणि मान दुसरीकडे वळवलेली. बाळाला दिसतो तो छताचा पंखा. सुई टोचायच्या आधीच ते रडायला लागतं, धरल्याबद्दल. ते ऐकून दाराबाहेरच्या रांगेतली बाळं सुरू होतात. कुणीतरी आपल्या थोरल्या पोराला दटावतं, "गप बस, नाहीतर तुलापण सुई देतील!"

टोचून झालं की सिस्टर नियमाप्रमाणे चार गोष्टी सांगतात: कुठली लस दिली, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, कार्ड जपून ठेवा. त्या वेळी बाळ टाहो फोडत असतं. आई मान हलवते. तिच्या कानात किती शिरतं, देव जाणे. मग अर्धा तास थांबायचं असतं, पण बसायला जागा नसल्याने ती ओट्याच्या कडेला बाळ खांद्यावर घेऊन उभी राहते.

गटातला एक विद्यार्थी घड्याळ लावून बसला होता. प्रत्यक्ष सुईचा वेळ काही सेकंदांचा, त्रासाचा वेळ तासाभराचा. परतताना गाडीत तो फारसा बोलला नाही.

दुसरा निर्णय: बैठकीला कुणाला बोलवायचं?

यादी आशाताईंकडून आली. नियमित डोस घेणाऱ्या, बोलक्या, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपणाऱ्या आया. आशाताईंचाही इलाज नव्हता. पाहुणे येणार म्हटल्यावर कोण घरातला फुटका कप पुढे करील? आम्ही ड्यू लिस्टवर ज्यांच्या नावापुढे वारंवार 'राहिले' असं येत होतं त्या घरांपासून सुरुवात करायचं ठरवलं. सासवांना वेगळं बोलावलं, कारण त्यांच्यासमोर सुना बोलत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीच्या तापाचा हिशेब सासूच मागते. वडिलांसाठी संध्याकाळी डेअरीवर दूध घालून झाल्यानंतरची वेळ ठेवली. तरी आले मोजकेच.

ऊसतोड कामगारांचा तळ कारखान्याच्या रस्त्यालगत होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला) की परत जातात. त्यांच्या बाळांचा एक डोस गावाकडे होतो, पुढचा कोपीत (तळावरच्या झोपडीत) राहत असताना, त्याच्या पुढचा बहुधा चुकतो. त्यांना आधी भेटायचं की शेवटी? मुकादमाची परवानगी, फडावरच्या वेळा, भाषेचा फरक असं सगळं धरून गटाने त्यांना शेवटी ठेवलं. याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मजुरीवरून वाद झाला. बैठकीला आलेल्या बाईचा अर्धा दिवस बुडतो, तो भरून द्यायचा का? गटाला वाटलं, पैसे दिले तर लोक आपल्याला आवडेल तेच बोलतील. वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीवर नियमानुसार एक सामान्य नागरिक असतो. तिथल्या गृहस्थांनी उलट विचारलं, "तुम्ही सगळे पगारावर बसून विचारणार, आणि तिने मजुरी बुडवून सांगायचं?" त्यानंतर जाण्यायेण्याचा खर्च आणि अर्ध्या दिवसाची मजुरी सगळ्यांना सारखी द्यायचं ठरलं. ती द्यायची बैठक सुरू होण्यापूर्वी, म्हणजे कोण काय बोललं याचा तिच्याशी संबंध राहत नाही.

बैठकांत काय निघालं

पहिल्याच बैठकीत एक आई म्हणाली, "सुईचं काय, मिनिटात होतंय. रात्र कोण काढणार?" खोलीतल्या सगळ्या जणींनी माना डोलावल्या. पेंटात डांग्या खोकल्याचे अख्खे मारलेले जंतू असतात, त्यामुळे त्या रात्री ताप येणं, टोचलेली जागा सुजणं नेहमीचं. आईला औषध किती द्यायचं ते नीट आठवत नसतं, सासू म्हणते "चांगलं खेळतं पोर आजारी पाडून आणलंस", सकाळी कामावर जाता येत नाही. पुढच्या महिन्यात नवरा म्हणतो, राहू दे. आमच्या यादीतल्या बऱ्याच 'राहिले'चा उगम या रात्रीत होता.

दुसरी मागणी जवळजवळ प्रत्येक बैठकीत आली: तीन सुया एकदम नकोत, एक आज, दोन पुढच्या आठवड्यात.

तिसरी गोष्ट गटाला सर्वस्वी नवी होती. एका आईला नवव्या महिन्याच्या डोसाला दोनदा परत पाठवलं होतं. गोवर-रुबेलाची व्हायल, म्हणजे अनेक डोसांची बाटली, एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. एका मुलासाठीसुद्धा व्हायल फोडावी असंच धोरण आहे, पण वाया गेलेल्या डोसांबद्दल वर विचारणा होते म्हणून हात आखडता घेतला जायचा. सिस्टर बैठकीत होत्या, त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "खरं आहे तिचं." एका पट्टीत एकच डोस असतो हे कळल्यावर ती आई पहिल्यांदा पट्टी हातात घेऊन नीट बघायला लागली. गट इतके दिवस 'दुखत नाही' हे गुण गात होता. तिला त्याचं अप्रूप नव्हतं. तिला हेलपाटा नको होता.

सासवांच्या बैठकीत एका आजींनी दंड उघडा करून दाखवला. देवीचे दोन गोल वण. त्यांच्या लहानपणी देवी डॉक्टर यायचे, दांड्याच्या टोकाला दातेरी चकती, ती दंडावर टेकवून पिळायची. (पुढे १९७० च्या सुमारास दुटोकी सुई आली आणि हा प्रकार बंद झाला.) आजींचं म्हणणं एवढंच: "वण दिसतोय म्हंजे लागू पडली. तुमची पट्टी काढल्यावर काय दिसणार? औषध आत गेलं का पट्टीलाच ऱ्हायलं, कसं कळावं?" त्यांच्याच सुनेला मात्र मुलीच्या हातावर डाग नको होता. गांबियातल्या बऱ्याच बाळांची पट्टीखालची जागा काही काळ कडक झाली होती, काहींच्या कातडीचा रंग बदलला होता, हे आम्ही दोघींना सांगितलं. आजींना त्यात दिलासा वाटला, सुनेला चिंता.

वडिलांच्या बैठकीतला एक प्रश्न सगळ्यांना अडचणीत टाकणारा होता. "शहरात मोठ्या दवाखान्यात जादा पैसे घेऊन 'पेनलेस' देतात. तीच का ही? आणि नसेल, तर नवीन काय ते आधी आमच्याच पोरांवर का?"

प्राध्यापिकांनी आढेवेढे घेतले नाहीत. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस देण्याचा प्रकल्प झाला. संमतीच्या कागदांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचं पुढे आलं. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. मधल्या काळात झालेल्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण संमतीची हेळसांड झाली होती हे खरंच. हे सगळं त्यांनी स्वतः होऊन सांगितलं. गटप्रमुखांच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट होती. मला विचाराल तर पूर्ण प्रकल्पात विश्वास कमावणारा तास तोच होता.

पर्याय

सुया दोन खेपांत विभागणं ही लोकांची सगळ्यात मोठी मागणी होती आणि तीच नाकारावी लागली. खेप वाढली की डोस चुकायची शक्यता वाढते, आणि मधल्या दिवसांत बाळ उघडं राहतं. ड्यू असलेले सगळे डोस एकाच भेटीत द्यायचे हे धोरण त्यामुळेच आहे. हे सांगायला गट कचरत होता, 'विचार करू' म्हणून वेळ मारून न्यावी असं एकाने सुचवलंही. प्राध्यापिकांनी पुढच्याच बैठकीत 'हे होणार नाही' असं कारणासकट सांगितलं. दोघी-तिघी रागावल्या. पण 'नाही' ऐकल्यावरच बाकीच्यांना आपल्या उरलेल्या मागण्यांचं काहीतरी होणार असं वाटलं असावं, कारण बैठकांत खरी बारीक चर्चा त्यानंतर सुरू झाली.

खासगीतल्या 'पेनलेस' लशीबद्दलही असंच उघड बोलावं लागलं. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक तुकडे असतात, म्हणून ताप-सूज कमी. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं आणि किंमत कितीतरी जास्त. अख्ख्या जंतूंची लस वापरणाऱ्या देशांनी ती सोडू नये, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वडिलांना हे पटलं की नाही सांगता येत नाही, पण गरिबाला हलका माल देतात ही समजूत थोडी सैल झाली.

बधिर करणारं मलम पटकन बाद झालं. ते लावून तासभर झाकून ठेवावं लागतं, तिन्ही जागांना.

सुईशिवाय फवाऱ्याने लस देणारं यंत्र हा पर्याय जास्त गंभीर होता, कारण तो दंडावरच्या अवघड सुईला थेट लागू होता. कोविडच्या काळात झायकोव-डी ही लस याच पद्धतीने द्यायची होती, तिला ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली होती. पाकिस्तानात कराचीत २०१९ मध्ये पोलिओची लसही अशा यंत्राने दिली गेली. सिस्टरना कल्पना आवडली. पण आमच्या गटाचं ते काम नव्हतं, आणि उपकेंद्राने स्वतःच्या बळावर ते यंत्र आणणं शक्य नव्हतं. टिपण वर पाठवण्यापुरता हा विषय राहिला.

ऊसतोडीवाल्या एका आईने सरळ तोडगा दिला होता: "पट्ट्या आमच्यापाशी देऊन ठेवा, मीच लावते. दवाखाना कुटं शोधू?" गट हरखला, कारण अशा पट्टीचं स्वप्नच ते. सिस्टरनी तिथल्या तिथे पाय जमिनीवर आणले. नोंद कोण करणार, आणि क्वचित एखाद्या बाळाला जोराची प्रतिक्रिया आली तर कोपीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन कोण देणार? अर्धा तास थांबवतात ते उगीच नाही. आशाताईंनी तळावर जाऊन लावावी, सोबत सिस्टर असाव्यात, इथे चर्चा थांबली.

काय केलं

सत्रातले बदल लगेच झाले, त्यांना प्रयोगशाळा लागत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदनेबद्दल सूचना काढल्या आहेत: बाळाला आईजवळ धरा, टोचताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजा, जास्त दुखणारी सुई शेवटी द्या, जागा चोळू नका, आधीच तापाचं औषध देऊन ठेवू नका. त्या सूचना बैठकीत मांडल्या आणि काय जमेल ते बायकांनी ठरवलं.

पाजताना टोचायला आधी सगळ्यांचा नकार होता. ठसका लागेल ही भीती, आणि दारात पुरुष उभे. पहिलीचं उत्तर प्राध्यापिकांनी दिलं. दुसरीसाठी मदतनीस बाईंनी घरून जुनी साडी आणून दोरीवर टाकली. दंडाच्या सुईला सिस्टरांनी टेबल सोडलं नाही, "माझा हात तिथंच बसलाय" म्हणाल्या, आणि ते मान्य केलं. मांडीतल्या दोन्ही सुया मात्र आईच्या मांडीवर, बाळ पीत असताना.

सगळ्यात हुशार बदल अंगणवाडीताईंचा. त्या म्हणाल्या, चार गोष्टी टोचल्यानंतर कशाला सांगायच्या, रांगेत असतानाच सांगा. बाळ शांत, आई शांत. औषधाचं माप सिस्टर बाळाच्या वजनाप्रमाणे कार्डावर पेनने लिहायला लागल्या, आणि आशाताई दुसऱ्या सकाळी फोन करायला लागल्या. त्या फोनचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. सुईची धमकी द्यायची नाही, असा कागद भिंतीवर लागला. तो वाचून हसत हसत धमकी देणाऱ्या आयाही पाहिल्या.

पट्टीच्या आराखड्यात आलेले बदल असे. ती नीट दाबली गेली की टक आवाज व्हावा आणि ठिपक्याचा रंग बदलावा, म्हणजे आजींच्या शंकेला काहीतरी उत्तर. प्रत्येक पट्टीला सोलून कार्डावर चिकटवायचं स्टिकर, ही आशाताईंची सूचना. जागा मनगटावर नको, बाळ ओरबाडून काढेल, खांद्याच्या मागे बरी, शिवाय डाग राहिला तरी झाकलेला. पाच मिनिटं पट्टी ठेवायची तर रांगेचं काय, यावर सिस्टर आणि विद्यार्थी बराच वेळ भांडले. पट्टी लावून आईला बाजूच्या सतरंजीवर बसवायचं आणि तोवर पुढचं बाळ घ्यायचं, असं निघालं.

नैतिकता समितीने बिनलशीची पट्टीसुद्धा बाळांवर लावायला नकार दिला. बाहुल्यांवर आणि समितीच्या परवानगीने मोठ्या माणसांच्या दंडावर तेवढी लावून पाहिली. ठोकळा दाबायला बायकांच्या अंगठ्याला जड जातो, हे त्यातच कळलं. तो गटातल्या विद्यार्थ्यांच्या, म्हणजे मुलग्यांच्या, अंगठ्यांवर बेतलेला होता.

निष्पत्ती

पट्टी अजून कुठल्याही बाळाला लागलेली नाही. लशीसकट चाचणी करायची तर २०१९ च्या नियमांनुसार केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागेल, आणि गट त्यापासून लांब आहे. पण ठोकळ्याचा साचा दुसरा झाला आणि एक डोस-एक पट्टी-एक स्टिकर हा मुद्दा प्रस्तावात वर गेला. 'न दुखणारी' हा शब्द माहितीपत्रकातून काढला गेला, कारण थोडं टोचतंच, आणि एकदा खोटं ठरलं की दुसऱ्या दिवसापासून कुणी ऐकत नाही.

सत्रातले बदल तीनपैकी दोन गावांत टिकले. तिसऱ्या गावात सिस्टरांची बदली झाली, नव्या सिस्टरना कुणी काही सांगितलं नाही, साडी दोरीवरून उतरली. गोवर-रुबेलाची व्हायल एका मुलासाठीही फोडायची, असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी दिलं. त्यानंतर मी बसलेल्या सत्रांत कुणाला परत पाठवलेलं पाहिलं नाही.

बाळं कमी रडली का? हे मोजलं गेलं नाही. गटाला मोबाइलवर रडणं रेकॉर्ड करायचं होतं, आयांनी साफ नकार दिला आणि त्यांचं मानलं. त्यामुळे शोधनिबंधात घालायला आलेख नाही. गटातल्या एकाला याची हळहळ आजही आहे.

वेगळं काय करता आलं असतं

लस निवडण्याआधी एक फेरी व्हायला हवी होती. गोवर-रुबेलाच निघाली असती कदाचित, पण तिचं कारण 'दुखत नाही' ऐवजी 'हेलपाटा वाचतो' हे पहिल्या दिवसापासून समोर असतं, आणि एक डोस-एक पट्टी याभोवती आखणी झाली असती. मोजमापही आयांकडूनच घेता आलं असतं. रडण्याचे सेकंद त्यांच्या लेखी बिनमहत्त्वाचे. त्या रात्री झोप किती झाली आणि सकाळी कामावर गेलात का, एवढे दोन प्रश्न आशाताईंच्या फोनमध्ये सहज बसले असते.

सिस्टरना 'स्थानिक सहकार्य' या सदरात टाकलं गेलं. आराखड्यातले निम्मे अडथळे त्यांनी दाखवले, पण प्रस्तावावर त्यांचं नाव नाही, मानधनही नाही. बदलीनंतर तिसऱ्या गावातलं काम का विस्कटलं, याचं उत्तर इथे आहे. जे एका बाईच्या सवयीवर उभं होतं ते कुठल्याही कागदावर आलं नव्हतं.

ऊसतोडीच्या टोळ्यांना शेवटी ठेवणं सगळ्यात महाग पडलं. त्यांची बैठक झाली आणि पंधरवड्यात पट्टा पडला. त्यांच्या सूचनेचं काय झालं, नकार का दिला, हे सांगायला जावं तर तळ रिकामा. येत्या हंगामात टोळ्या उतरल्या की पहिली बैठक तळावरच घ्यायची, मुकादमामार्फत निरोप न देता आशाताईंनी कोप्यांवर जाऊन सांगायचं, आणि मागच्या हंगामातल्या प्रश्नांची उत्तरं घेऊनच जायचं, एवढं ठरलं आहे. त्याचा खर्च लोकसहभागाच्या रकान्यातून करायचा की आराखड्याच्या, यावरून गटात अजून पत्रापत्री चालू आहे.